वीरचक्राचा फोन

आमच्या नोएडाच्या घरात फोन आला तेव्हा अख्ख्या ब्लॉकमध्ये तो एकटाच होता. बाकीचे लोक अर्ज करून वर्षानुवर्षं बसले होते, आणि आम्ही राहायला आलो नाही तोच लाइनमन खांबावर चढला. कारण काय, तर नवऱ्याच्या नावापुढे दोन पदकं. शौर्यपदकवाल्यांचा नंबर आधी लावायचा, असा तेव्हा सरकारी नियमच होता. ह्यांनी आपणहून कधी काही मागितलं नाही. फोनचा अर्ज मी अक्षरशः हाताला धरून करायला लावला. मुलगी कॉलेजला दिल्लीत जायची, बस यमुनेच्या पुलावर तासन्‌तास अडकायची, आणि मला आता कुणाचीही वाट बघत खिडकीत उभं राहायचं नव्हतं. तो कोटा माझा कधीच भरला होता.

पण झालं भलतंच. फोन आला आणि आमच्या घराचा पीसीओ झाला. कुणाचा जावई कानपूरहून, कुणाची सासू अंबाल्याहून, सगळ्यांनी आमचाच नंबर वाटून ठेवलेला. वरच्या मजल्यावर पानिपतच्या एक भाभीजी राहायच्या. त्यांच्या माहेरी हातमागाच्या चादरी-सतरंज्यांचा धंदा. बाजार खुला झाला होता, माल परदेशी जायला लागला होता, त्यामुळे माहेरचे फोन सारखे. मी हॅलो म्हटलं की पलीकडून हुकूम यायचा, "ज़रा ऊपर से बुला दीजिए." मग ह्यांनी, दोन दोन चक्रं मिळवलेल्या विंग कमांडरांनी, जिन्यात उभं राहून हाक मारायची, "भाभीजी, पानिपत!" पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. भाभीजींना त्यातली गंमत समजावून सांगितली, तर त्या म्हणाल्या, "अच्छा? आप लोग अब तक नाराज़ हैं?" बाई स्वभावाने मोठी गोड, पण एकदा फोनवर बसली की उठायचं नाव नाही.

शेजारीपाजारी त्याला 'वीर चक्र वाला फोन' म्हणायचे. ह्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटे. ज्या पदकापायी माझे अर्धे केस पिकले, त्याचा उपयोग शेवटी काय, तर कुणाच्या तरी मावसभावाला रोहतकहून सांगता यावं की आम्ही रविवारी जेवायला येतोय!

ह्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण रंगवून सांगायचं काम त्यांचं. एकाहत्तरच्या लढाईत हे हवाई दलात नवेकोरे अधिकारी होते आणि आमचं लग्न होऊन काही महिनेच झाले होते. बायकांना सरहद्दीजवळच्या हवाई दलाच्या स्टेशनवरून माहेरी पाठवून दिलेलं. मी पुण्यात रेडिओला कान लावून बसलेली. ह्यांच्या विमानाला जमिनीवरून मारा लागला, पंखाला भगदाड पडलं, इंधन गळायला लागलं, तरी नेमून दिलेलं काम पुरं करून हे विमान घेऊन परतले. त्याचं वीरचक्र. लढाईनंतर घरी आले तेव्हा मला एवढंच म्हणाले होते, "जरा टायर फुटला होता." पुढे राष्ट्रपती भवनात मी चंदेरी साडी नेसून पाहुण्यांत बसले होते, आणि ह्यांनी काय काय केलं ते तिथे इंग्रजीतून मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे मला कळलं की टायर नव्हता. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी टाळ्या वाजवायच्या विसरले.

दुसरं चक्र बऱ्याच वर्षांनी, शांततेच्या काळातलं. तेव्हा मात्र मी तिथेच होते.

पंजाबातलं स्टेशन, हिवाळा. सकाळी विमानं वर गेली की आम्ही बायका कुणाच्या तरी अंगणात उन्हात बसायचो. पुढ्यात मटाराचा ढीग. थंडीत तिकडे मटार पोत्याने यायचा, आणि हाताला चाळा लागतोच. तिथे एक रीत होती. कुणी घालून दिलेली नव्हती, पण नवी आलेली बायकोसुद्धा दोन दिवसांत शिकायची. विमानं वर आहेत तोवर कुणी उठायचं नाही, आणि किती गेली, किती आली, हे तोंडाने म्हणायचं नाही. गप्पा चालू, स्वेटरच्या टाक्यांची चर्चा चालू, कान मात्र वर. गेली तेवढी सगळी उतरली की सगळ्यांत मोठी जी असेल ती गुडघ्यांवर हात टेकत म्हणायची, "चलो, कुकर लगाते हैं." मग आम्ही पदर झटकून उठायचो.

त्या दिवशी कुणी कुकरचं नाव काढलं नाही. एक आवाज कमी होता. उड्डाण घेताना विमान कण्हल्यासारखं झालं, ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं आणि सगळ्याच शेंगांकडे बघत बसलो होतो. मग सायरन. मग जीप. ती जीप आमच्यापैकी कुणापुढे थांबते, हे बघण्यासारखी वाईट गोष्ट मी आयुष्यात दुसरी बघितली नाही. ती माझ्यापुढे थांबली. माझी पोर तिथेच मातीत टरफलांचं घर करत होती. सीओंची, म्हणजे ह्यांच्या वरिष्ठांची, बायको उतरली आणि लांबूनच ओरडली, "ज़िंदा है!" बाईचे उपकार मी विसरणार नाही, तिने आधी जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून वगैरे वेळ घालवला नाही.

झालं होतं असं, की इंजिनात पक्षी शिरला होता. खुर्चीचा दांडा ओढून छत्रीने बाहेर पडायचं, तर पुढे वस्ती, आणि रिकामं विमान नेमकं तिच्यावर जाणार. हे बसून राहिले. वस्ती ओलांडून शेतात विमान पोटावर घासत उतरवलं आणि पाठीचा मणका मोडून घेतला. त्याचं शौर्यचक्र. पाठ जुळायला कित्येक महिने लागले, आणि लढाऊ विमानात पुन्हा बसायचं नाही, असा डॉक्टरांनी निकाल दिला. मग टेबलाच्या नोकऱ्या. बढतीच्या वेळी पदकं कमी आणि पाठ जास्त बघितली गेली. विंग कमांडरच्या पुढे गाडी सरकली नाही. त्याबद्दल ह्यांच्या तोंडून कधी चकार शब्द नाही. कुढायचं खातंही माझ्याकडेच.

निवृत्तीनंतर पुण्याला जाऊ म्हटलं, तर नव्या खासगी विमान कंपन्या निघायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीने ह्यांना तरुण वैमानिकांना सुरक्षिततेचे धडे द्यायला बोलावलं. म्हणून नोएडा. तेव्हाचं नोएडा म्हणजे आकड्यांचं गाव. कुठे राहता, तर सेक्टर अमुक. रस्ते रुंद, त्यावर म्हशी. वीज गेली की एका कोठीतला जनरेटर सुरू व्हायचा आणि बाकीच्यांनी त्याचा धूर खायचा. रोज नवी इमारत, रोज नवी धूळ. साध्या पडद्याच्या कापडासाठीही मी सरोजिनी नगर गाठायची. तिथे सरकारी क्वार्टर्समध्ये आमची ओळखीची मराठी घरं होती, जाऊन चहा प्यायला की आठवडाभर बरं वाटायचं.

त्या घरांचा गणपती असायचा, आणि प्रमुख पाहुणे हेच ठरलेले. ऑगस्ट, गणपती, जानेवारी. ह्यांचे हंगाम होते. शाल, श्रीफळ, भाषण. आमच्या कपाटात शालींची चळत लागलेली. दिल्लीत लोक नारळासाठी आय.एन.ए. मार्केटला जातात, आणि माझ्याकडे नारळ घरंगळत असायचे. वड्या करून करून हात दुखायचे. ह्यांच्या भाषणाचा शेवटही ठरलेला होता, "तुमची मुलं हवाई दलात पाठवा. भिऊ नका." टाळ्या. मग बटाटेवडा खाताना कुणीतरी वहिनी माझ्या कानाशी यायच्याच, "तुम्हाला एक मुलगी फक्त, नाही का? मुलगा असता तर गादी चालवली असती." मी हसून वडा गिळायची. ह्या गोष्टीला उत्तर द्यायचा कंटाळा यावा इतक्यांदा ती ऐकली होती.

आणि एका रविवारी पोहे खाताना मुलगी म्हणाली, "बाबा, हवाई दलात आता मुलींना घेतायत. उडायला. मी अर्ज करतेय."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मला वाटलं, आता हे टेबलावर थाप मारतील, पेढे आणायला पळतील. ह्यांनी पोह्यातली मिरची बाजूला काढून ठेवली आणि म्हणाले, "नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

पोरगी हट्टी, बापासारखीच. "बाबा, लहानपणापासून मी तुमचं भाषण ऐकतेय. तुमची मुलं पाठवा. माझ्यासाठी वेगळं भाषण आहे का?"

हे उठून बाहेर गॅलरीत गेले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोर विटांचा ढीग होता.

खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं. कितीतरी वर्षं मी आकाशाकडे कान लावून काढली, आता पुन्हा? तिने कॉम्प्युटर शिकावा, बँकेत बसावं, संध्याकाळी घरी येऊन माझ्याशी वाद घालावा, एवढीच माझी अपेक्षा. मी तिला तसं स्पष्ट सांगितलंही. ती म्हणाली, "आई, तुझं नाही मला पाठ आहे. बाबांचं नाही मला कळत नाहीये." तिला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, वय झालेलं होतं. पण ती म्हणाली, बाबा हो म्हणाले तरच जाईन. डोक्यात भांडण घेऊन विमानात बसायचं नाही, हे बाबाच त्यांच्या कंपनीतल्या पोरांना शिकवतात, मग मी बाबांशी भांडून कशी बसू?

अर्जाची मुदत जवळ येत चालली होती आणि घरात तिघांच्या तोंडाला कुलूप. फोन तेवढा वाजायचा, तोही दुसऱ्यांसाठी. हे जिन्यात जाऊन 'पानिपत' ओरडून यायचे आणि पुन्हा गप्प. पोरगी जेवताना ताटाकडे बघायची. तिचा चेहरा उतरत चालला, आणि ते मला बघवेना. मुलगी आपल्याला नको ते करायला निघाली म्हणून एकदा पोट दुखतं, आणि ते तिला मिळणार नाही म्हणून दुसऱ्यांदा. आईपण म्हणजे दोन्हीकडून मार.

शेवटी एका दुपारी, ती कॉलेजला गेलेली असताना, मी ह्यांच्या समोर बसले. म्हटलं, "कारण सांगा."

ह्यांनी कारणं काढली. हेलिकॉप्टर फार हादरतं, पाठ जाते. मालवाहू विमानांचे वैमानिक रात्री-अपरात्री कुठेही जातात. मुलींसाठी सोयी नाहीत. मेसमध्ये चार टगे असतात. मी एकेक ऐकून घेतलं. म्हटलं, "ही कारणं त्या सरोजिनी नगरच्या लोकांना का नाही सांगत? त्यांच्या पोरांना पाठी नसतात?"

मग ह्यांनी टेबलावरच्या मीठदाणीचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं. आणि म्हणाले, "मला जमणार नाही गं."

"काय जमणार नाही?"

"वाट बघायला. वर असताना काही वाटत नाही, खरंच सांगतो. हाताला काम असतं. आग लागली तरी काम असतं. ती वर आणि मी इथे खुर्चीत... नाही. तेवढी हिंमत नाही माझ्यात."

हे ऐकून मला दया यायला हवी होती. मला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. हा माणूस, ज्याच्या हिमतीची वर्णनं ऐकून माझे कान किटले, ज्याला लोक नारळ देतात, तो मला, मला, सांगतोय की वाट बघणं जमणार नाही!

"आणि मला जमलं?" मी म्हटलं. "मी काय करत होते हो इतकी वर्षं? तुम्ही वर मजेत, हाताला काम. मी खाली मटार सोलत. तुम्हाला माहितीय का, आम्ही कुकर कधी लावायचो? तुमचं शेवटचं चाक जमिनीला लागल्यावर. त्याआधी एक बाई जागची हलत नव्हती. त्या दिवशी कुणी म्हणालंच नाही, चलो कुकर लगाते हैं म्हणून. त्या दिवशी कुठल्याच घरात कुकर लागला नाही. कधी विचारलंत?"

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही टायर फुटला म्हणून सांगितलंत, आणि मी काय सांगणार होते?"

मला रडू फुटलं, आणि रडताना बोलायची मला सवय नाही, त्यामुळे आवाज फारच चढला असणार. वरून भाभीजींनी विचारलं, "सब ठीक है, दीदी?" मी डोळे पुसत ओरडले, "बिल्कुल!" हे मान खाली घालून बसलेले. एवढा उंच माणूस, पण पाठीला पट्टा लावल्यापासून खुर्चीत बसला की पोक काढून बसायचा. मग मला दया आली. उशिरा आली, पण आली.

मी म्हटलं, "तिला हो म्हणा. वाट बघायचं मी शिकवते. त्यात मी मास्टर आहे."

त्यांनी लगेच काही केलं नाही. संध्याकाळी पोरगी आली, चहा प्यायली, आणि मी पोळ्या लाटत असताना हे स्वयंपाकघरात आले. माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस पोळ्या करतो की काय. ते बाहेर गेले, पोरीला डायनिंगच्या खुर्चीत बसवलं, लाटणं तिच्या गुडघ्यांत विमान चालवायच्या दांड्यासारखं उभं धरलं आणि म्हणाले, "धर. नाही, मुठीत नाही. चिमटीत धर. मुठीत आवळलंस तर ते तुला उडवेल. सैल. अजून सैल." पोरगी पिठाने भरलेलं लाटणं धरून त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा, पण हो म्हणा ना. तोंडाने म्हणा."

ह्यांनी घसा खाकरला. "हो," म्हणाले. मग मला म्हणाले, "दुसरं लाटणं आहे का?" नव्हतं. त्या दिवशी आम्ही भात खाल्ला.

ती निवडली गेली. वैमानिक होता येतं का बघायची एक परीक्षा असते, ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की विषय संपला. ती पास झाली. हैदराबादजवळ ट्रेनिंगला गेली. स्टेशनवर सोडताना मी तिच्या हातावर दही घातलं, आणि ह्यांनी काही न बोलता तिच्या बॅगेचा पट्टा तीनदा ओढून पाहिला. गाडी गेल्यावरही हात तसाच पुढे होता. वहिनी मंडळी आता म्हणायला लागली, "बाई, मुलीला कशाला पाठवलंत?" मी म्हटलं, चला, निदान प्रश्न तरी बदलला.

आणि इकडे ह्यांचं सुरू झालं. सकाळी उठले की फोनपाशी. तिथल्या ट्रेनिंगमध्ये ह्यांचा एक जुना बॅचमेट मोठ्या हुद्द्यावर होता, त्याला एसटीडी लावायचा. पहिल्यांदा इकडचं-तिकडचं, आणि मग हळूच, "वारा कसा आहे रे आज? आडवा आहे का?" रोज! नोएडात बसून ह्यांना हैदराबादचा वारा हवा. ते तिकडे पसरलं. एक दिवस पोरीचा फोन आला, रागाने लालेलाल. "आई, बाबांना सांग, इथे सगळे मला विचारतात, आज वारा चालेल का तुझ्या पप्पांना? परत फोन केला तर मी घरी येणार नाही." ह्यांनी ऐकलं आणि कान पकडल्यासारखं केलं. दोन दिवस बरं गेलं. मग मी अंघोळीहून बाहेर आले, तर हे रिसीव्हर तोंडाशी धरून कुजबुजत होते, "ढग किती खाली आहेत फक्त एवढंच सांग."

हिवाळा लागला तेव्हा तिने कळवलं, ह्या आठवड्यात कुठल्याही दिवशी पहिलं एकटं उड्डाण. शेजारी शिक्षक नाही, कुणी नाही. झालं की फोन करते. ह्यांनी ऑफिसातून रजा टाकली. मी बाजारातून मटार आणला.

त्या सकाळी आम्ही गॅलरीत बसलो. फोनची लांब वायर ओढून यंत्र वेताच्या मोढ्यावर ठेवलं होतं. ऊन चांगलं होतं. मी ह्यांच्यापुढे पातेलं सरकवलं, परात सरकवली. म्हटलं, "दाणे ह्यात, टरफलं त्यात. आणि उठायचं नाही." ते निमूटपणे सोलायला लागले. समोर बांधकामावर सळया कापत होते, जनरेटर धडधडत होता, पण विमानाचा म्हणाल तर मागमूस नाही. ह्यांनी एकदा वर बघितलं. तेव्हा माझ्या मनात आलं, बिचाऱ्याची गत माझ्याहून वाईट आहे. मला निदान आवाज तरी होता. गेला, आला, कळायचं. ह्यांना ऐकायला काय, तर सळया.

फोन वाजला. हे दचकले, आणि हात पुढे केलाच नाही. "तू उचल," म्हणाले.

मी उचलला. "ज़रा ऊपर से बुला दीजिए," पानिपत बोलत होतं.

ह्यांना जिन्यात जाऊन हाक मारावी लागली. भाभीजी आल्या, बसल्या, आणि सुरू झाल्या. कुठलीशी चादर, कुठला रंग, कुणी पैसे थकवले, कुणाच्या पोरीचं जमलं. हे गॅलरीत उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. लाइन अडकलेली, आणि दुसऱ्या टोकाला पोरगी वर आहे की खाली, देव जाणे. आजवर ह्यांनी त्या फोनवरून कुणाला उठवलं नव्हतं; तेवढं सौजन्य अंगात मुरलेलं. नुसतं माझ्याकडे बघितलं. पडत्या विमानात बसून राहिलेला माणूस, शेजारणीला 'फोन ठेवा' म्हणायचं धाडस त्याच्याकडे नव्हतं. मीच म्हटलं, "भाभीजी, बेटी का फ़ोन आना है. आज अकेली उड़ रही है."

"हाय राम!" म्हणत बाईने बोलणं अर्ध्यावर तोडून रिसीव्हर आपटला. मला वाटलं, वर जाईल. ती नाही गेली. पदर खोचला, परातीपाशी फतकल घातलं आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या. तिला आमची रीत कुणी शिकवली नव्हती, पण बायकांना ती येते, बहुतेक.

ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आत सरकलं. मी स्वेटरविषयी काहीतरी बोलले. भाभीजींनी हं केलं. ह्यांची बोटं भराभर चालत होती.

फोन वाजला. ह्या वेळी कुणी कुणाकडे बघितलं नाही, मीच झडप घातली. "आई, झालं!" ती ओरडत होती, मागे आणखी पोरापोरींचा गलका. "एकटी गेले, एकटी आले! बाबांना दे." मी रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, अगदी मुठीत आवळून.

"हं," म्हणाले. "हं... लँडिंग कसं झालं?... उसळलं का?... थोडं उसळतंच. बरं. बरं बेटा." आणि ठेवून दिला. भाभीजी डोळे पुसत, मला मिठी मारून, मिठाई आणायला वर पळाल्या. हे खुर्चीत तसेच बसून राहिले. चेहऱ्यावर घाम होता, थंडीत. इतक्या वर्षांत मी ह्यांना एवढं थकलेलं पाहिलं नव्हतं, हॉस्पिटलातसुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला... कुकर लावू या?"

मी पातेलं उचललं. बघते तर अर्ध्याहून जास्त टरफलंच. दाणे परातीत, टरफलं पातेल्यात, आणि मधूनमधून अख्ख्या शेंगा. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसले.

"आधी हे निवडा," मी म्हटलं. "उद्या पुन्हा उडायचंय तिला."